लिंबूवर्गीय कलमाचा डोळा दरवेळी मरतो? आधी दिवस मोजा

जंबेरीच्या (खरबरीत सालीच्या आंबट लिंबाच्या) खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या रोपावर, संत्र्याचा किंवा मोसंबीचा डोळा (फांदीवरचा अंकुर) भरला आणि तो मेला. पुढच्या हंगामात पुन्हा भरला, पुन्हा तेच. परसात किंवा गच्चीवर कलम करणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार, आणि बहुतेक जण खापर स्वतःच्या हातावर फोडतात. खरं तर हाताचा नंबर बराच खाली लागतो. डोळा कितव्या दिवशी गेला आणि जाताना कसा दिसत होता, एवढं टिपून ठेवलं तर निम्मं निदान तिथेच होतं. म्हणून डोळा भरला की खुंटाला चिठ्ठी बांधा आणि तीवर तारीख, काडी (जिच्यावरून डोळा घेतला ती फांदी) कुठल्या झाडाची आणि ती कधी कापली हे लिहा. पेन्सिलीने लिहा, शाई उन्हात उडते.

लक्षणं

- 4 ते 7 दिवसांत डोळा तपकिरी, ढाल (डोळ्यासोबत कापलेला सालीचा तुकडा) सुरकुतलेली, कोरडी: काडी आधीच सुकलेली होती, नाहीतर पट्टी सैल आहे.
- 8 ते 15 दिवसांत ढाल काळी, ओली, बुळबुळीत, कधी आंबूस वास: आत पाणी शिरलं किंवा ब्लेड घाण होतं.
- पट्टी सोडली तेव्हा हिरवा, पण नंतर आठवड्यात वाळला: पट्टी लवकर सोडली.
- दीड-दोन महिने हिरवा, पण फुटायचं नाव नाही: हा मेलेला नाही, झोपलेला आहे. फेकू नका.
- दोन-तीन इंच फुटून माना टाकतो किंवा वाऱ्याने जोडापासून उपटून येतो: जोड कच्चा, कीड, किंवा आधाराची काठी नाही.
- कलम जोमात, पण काटे लांब आणि कोवळी पालवी जांभळट: तुम्ही खुंटालाच खतपाणी घालताय.
- जमिनीलगतच्या सालीतून डिंक: थेट शेवटच्या भागाकडे जा.

आता तपासण्या. पहिल्या चार फुकट आहेत. त्या करून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दोष बहुतेक वेळा यांतच सापडतो.

1. देठाला बोट लावून पहा

काडी तयार करताना पानं कापतो, पण प्रत्येक डोळ्याखाली पानाचा अर्धा-एक सेंटिमीटर देठ ठेवतो. धरायला सोय होतेच, पण त्याचा खरा उपयोग नंतर होतो. दोन-अडीच आठवड्यांनी त्या देठाला बोटाचं टोक हलकेच लावा. डोळा जगला असेल तर देठ पिवळा पडलेला असतो आणि स्पर्श होताच गळून पडतो, मागे स्वच्छ व्रण राहतो. जिवंत फांदी जुनं पान टाकते, तसाच हा देठ टाकला जातो. डोळा मेला असेल तर देठ जळलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा काळा, वाळका होऊन तिथेच चिकटून बसतो, ओढला तरी सुटत नाही. पट्टी पारदर्शक असेल तर हे न सोडताच दिसतं.

ही परीक्षा माहीत नसल्यामुळे जिवंत डोळे फेकले जातात आणि मेलेल्यांना महिना महिना पाणी घातलं जातं.

2. डोळा उलटा तर नाही ना?

हसू नका, दहा-वीस डोळे सलग भरताना हे होतंच. देठाचा व्रण खाली आणि डोळा त्याच्या वर, ही सरळ दिशा. उलटा डोळा कधी कधी लागतोही, पण फूट खाली वळून मग वर चढते आणि जोड कायम कमकुवत राहतो. काडीचा वरचा शेंडा तिरका आणि बुडखा सरळ कापायची सवय लावली की ही चूक होत नाही.

3. पट्टी

आमच्या मते घरगुती कलमाचा सर्वांत मोठा खुनी हाच. सुतळी, सेलोटेप, विजेची काळी टेप, जुन्या साडीचा काठ, सगळं वापरलं जातं. सुतळी हवा आणि पाणी दोन्ही आत सोडते. सेलोटेप दवाने सुटते. काळी टेप उन्हात तापते आणि काढताना साल घेऊन येते. हवी ती साधी, पातळ, ताणली जाणारी पॉलिथीनची पट्टी: दीड सेंटिमीटर रुंद, एक फूट लांब. दुधाची पिशवी जाड पडते. भाजीची पातळ पारदर्शक पिशवी धुऊन कापली तरी चालते.

खालून सुरुवात करा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत वर या, म्हणजे घराच्या कौलांसारखी उतरंड होऊन पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं. कोरड्या हवेत डोळ्यावरूनही एक वेढा घ्या. शेवट गाठीने नको, शेवटच्या वेढ्याखालून टोक ओढून घट्ट करा. बांधल्यावर नखाने ढाल सरकवून पहा; सरकली तर पट्टी सैल आहे. ढाल आणि खुंट यांच्या मधली पोकळी केसाएवढी असली तरी तिथे आधी हवा आणि मग बुरशी.

सोडायची वेळ 18 ते 21 दिवस. थंडीत 25 ते 30 धरा. चौदाव्या दिवशी उत्सुकतेपोटी उघडून पाहिलं की कोवळा जोड उघडा पडून सुकतो. उलट दोन महिने तशीच ठेवली तर पट्टी सालीत रुतते, वर फुगवटा आणि खाली खाच. सोडताना डोळ्याच्या मागच्या बाजूने ब्लेडने उभा काप द्या आणि पट्टी सहज निघेल तेवढीच काढा.

4. मध्ये काही भरलं होतं का?

हळद, मध, कोरफडीचा गर, केळ्याचा तुकडा. व्हिडिओंमध्ये हे सगळं दाखवतात. छाट कलमाच्या काडीला मुळं फुटावीत म्हणून कुणी काय लावावं तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण डोळा भरताना सालीखालचा ओला थर दुसऱ्या ओल्या थराला थेट टेकला पाहिजे. मध्ये आलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे भिंत. मध आणि केळं तर बुरशी आणि मुंग्यांना आमंत्रणच. काही लावू नका. कापलेल्या जागेला बोटही लावू नका, हाताचं तेल पुरेसं नुकसान करतं.

5. ब्लेड

थोडा खर्च इथून सुरू होतो. भाजीच्या सुरीने साल कापली जात नाही, चेंगरते. चेंगरलेल्या पेशी जुळत नाहीत, काळ्या पडतात. कलमाचा चाकू नसेल तर दाढीचं नवं ब्लेड घ्या आणि दहा-बारा डोळ्यांनी बदला.

धार जेवढी महत्त्वाची तेवढीच स्वच्छता, आणि इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्पिरिटने किंवा ज्योतीवर धरून बुरशी-जिवाणू मरतात, पण एक्सोकॉर्टिससारखे व्हायरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकारक) त्याला दाद देत नाहीत. ते पात्याच्या रसावरून एका झाडातून दुसऱ्यात जातात, आणि रंगपूर लिंबाच्या (खुंटासाठी वापरली जाणारी दुसरी जात) खुंटाला एक्सोकॉर्टिस चांगलाच बाधतो. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं ताजं द्रावण एका वाटीत ठेवा. दरवेळी झाड बदलताना पातं त्यात बुडवा, मग साध्या पाण्याने धुऊन पुसा. ब्लीच लोखंड खातं, म्हणून काम संपल्यावर थेंबभर तेल.

6. साल सुटते का?

खुंटाच्या आजूबाजूच्या एखाद्या फांदीवर आधी चाचणी काप द्या. साल सुटत असेल तर ब्लेडचं टोक घालून जरा उचलताच ती पिकल्या केळ्याच्या सालीसारखी अलगद वेगळी होते आणि आतलं लाकूड ओलं, गुळगुळीत, चकचकीत दिसतं. साल तुटत असेल, तंतू ओढले जात असतील, लाकूड कोरडं मॅट दिसत असेल, तर त्या दिवशी डोळा भरू नका. कितीही सफाईने भरला तरी तो मरणार, कारण पेशींची वाढ चालू असते तेव्हाच सालीखालचा ओला थर जोड धरतो.

साल न सुटण्याची कारणं साधी: खुंट तहानलेला, उपाशी, किंवा थंडीने थांबलेला. सुमारे 13 अंश सेल्सिअसखाली लिंबूवर्गीय झाडांची वाढ जवळजवळ बंद पडते. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा याच्याही खाली जातो. तहानलेल्या खुंटाला डोळा भरण्याच्या चार दिवस आधीपासून रोज नीट पाणी द्या. उपाशी दिसत असेल तर तीन आठवडे आधी 10 लिटरच्या कुंडीला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे 4-5 ग्रॅम युरिया 2 लिटर पाण्यात विरघळवून, ओल्या मातीत. एकदाच. नवती (नवी पालवी) फुटू लागली की साल आपोआप सुटते.

थांबायला वेळच नसेल, उदाहरणार्थ काडी हातात आली आणि खुंट तयार नाही, तर चिप पद्धत वापरा. खुंटावरून सालीसह लाकडाचा दोन सेंटिमीटरचा पातळ तुकडा काढायचा आणि त्याच मापाचा डोळ्याचा तुकडा तिथे बसवायचा. यात साल सुटावी लागत नाही. मात्र निदान एका बाजूने दोघांच्या सालीच्या कडा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. बारीक तुकडा मधोमध ठेवला तर दोन्ही बाजू हुकतात.

7. काडी कुठली आणि कशी ठेवली

कोवळ्या शेंड्याची काडी त्रिकोणी, कोनदार असते. तिचे डोळे पाणचट आणि पटकन सुकतात. फार जुनी, पूर्ण राखाडी झालेली काडीही नको. हवी ती मागच्या नवतीची, गोल झालेली, हिरव्या सालीवर राखाडी रेषा नुकत्या उमटलेली, पेन्सिलीच्या जाडीची. पाणसोट, म्हणजे सरळ वर गेलेले काटेरी जोमदार फुटवे, दिसायला देखणे असतात, पण त्यांचे डोळे घेतले तर झाड काटेरी होतं आणि फळावर उशिरा येतं.

काडी कापताक्षणी पानं काढा. पान राहिलं तर ते काडीतलंच पाणी उडवतं आणि तासाभरात डोळा अर्धमेला होतो. 4 ते 7 दिवसांत मेलेल्या डोळ्यांचं कारण निम्म्याहून जास्त वेळा इथे सापडतं: काडी सकाळी पाहुण्यांकडून आणली, पिशवीत स्कूटरला लटकली, दुपारी डोळा भरला. ओलसर (ठिबकणाऱ्या नव्हे) फडक्यात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत आणा. लगेच काम नसेल तर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात दोन आठवडे सहज टिकते. त्या कप्प्यात सफरचंद, केळी, आंबा नको. पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू डोळे गाळतो. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली काडी मेली समजा.

8. आता हात

खुंट पेन्सिलीएवढा, जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर. फार खाली भरला तर पावसात उडणारी माती जोडावर बसते आणि डिंक्याची (सालीतून डिंक वाहणाऱ्या रोगाची) बुरशी तिथून आत शिरते. आधी अडीच ते तीन सेंटिमीटर उभा काप, मग वरच्या टोकाला एक-दीड सेंटिमीटर आडवा. ब्लेड लाकडाला लागलं की थांबा. लाकूड कापलं तर आत पोकळी राहते. कोकणात किंवा पावसाळी दिवसांत हीच खूण उलटी करतात, आडवा काप खाली, म्हणजे पाणी आत उतरत नाही.

डोळ्याची ढाल काडीवरून खालून वर एका सलग ओढीत काढायची, दोन-अडीच सेंटिमीटर लांब. करवतीसारखं मागेपुढे केलं की आतला पृष्ठभाग लाटांसारखा होतो आणि फक्त उंचवटे टेकतात. ढालीमागे लाकडाचा कागदाएवढा पापुद्रा राहिला तर राहू द्या. तो खरवडण्याच्या नादात डोळ्याचा गाभाच निघून येतो. ढाल आत सरकवल्यावर तिचं वरचं टोक आडव्या कापाला भिडलं पाहिजे. जास्त असेल तर तिथेच आडवं छाटा.

काप दिल्यापासून पट्टी बांधेपर्यंत एक मिनिट. यापेक्षा जास्त लागत असेल तर आधी परसातल्या कुठल्याही लिंबूवर्गीय छाटणीच्या फांद्यांवर पन्नास डोळे भरा, बांधा, सोडून पहा. संत्र्याच्या कलमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वरूड-शेंदूरजना घाट पट्ट्यातले कारागीर दिवसाला शेकड्यांनी डोळे बांधतात. त्यांचं कौशल्य मुख्यतः या एका मिनिटात आहे.

9. हंगाम आणि ऊन

विदर्भ-मराठवाड्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा डोळे भरण्याचा काळ. एप्रिल-मेमध्ये 42 अंशांत पट्टीच्या आत डोळा शिजतो. भर पावसात कुजतो. घरी करायचं तर थंडीची लाट टाळून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सोयीचा: साल सुटायला लागलेली असते आणि फूट यायला उबही असते. डोळा खुंटाच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला भरा, दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट लागत नाही.

डोळा हिरवा, पण फुटत नाही

खुंटाचा शेंडा जोवर वर ताठ उभा आहे, तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. देठ गळालेला, डोळा टपोरा असेल तर डोळ्याच्या वर 5 ते 8 सेंटिमीटरवर, डोळ्याच्याच बाजूने, खुंट दोन तृतीयांश कापा आणि वरचा भाग विरुद्ध बाजूला वाकवून झोपवा. पूर्ण तोडू नका. झोपलेली पानं मुळांना अन्न पुरवत राहतात आणि डोळा दोन-तीन आठवड्यांत उठतो. डिसेंबरात भरलेला डोळा फेब्रुवारीपर्यंत थांबला तर त्यात नवल नाही. फूट 25-30 सेंटिमीटरची आणि टणक झाली की वरचा भाग जोडाच्या लगत तिरका कापून टाका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. कापावर बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवून मग एकत्र. लोखंडी खिळा बुडवून पहा. लालसर थर चढला तर चुना आणखी हवा.

या काळात दर आठवड्याला खुंटावरचे फुटवे अंगठ्याने चोळून काढा. ओळखायचं कसं? जंबेरीची कोवळी पालवी जांभळट, पान चुरगळलं की झणझणीत लिंबाचा वास. संत्र्याची पालवी हिरवी, पान अरुंद आणि गडद. दोन महिने दुर्लक्ष झालं की खुंट जिंकतो.

नव्या फुटीला काठी द्या, सैल आठच्या आकड्यात बांधा. आणि रोज पानं उलटून पहा. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर निरखून पहा, ते हलत असेल तर लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे. एवढीशी अळी चार पानांची फूट पाहता पाहता संपवते. हाताने उचला. पानावर चांदीसारखी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी, आणि कोवळ्या शेंड्यावर डोकं खाली व बूड वर करून बसलेले बारीक करडे कीटक म्हणजे सिला. 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, दर आठ-दहा दिवसांनी, नवती टणक होईपर्यंत.

10. खुंट मुळातच नापास

सगळं तपासून झालं आणि तरी एकाच कुंडीत वारंवार अपयश येत असेल तर झाड कुंडीतून बाहेर काढा. हे कष्टाचं काम आहे म्हणून शेवटी. सोटमूळ इंग्रजी जे अक्षरासारखं वळलेलं किंवा मुळं स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असतील तर तो खुंट फेकून द्या. लावणीच्या वेळी झालेली ही चूक नंतर दुरुस्त होत नाही. पांढरी, टणक मुळं निरोगी. तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढलं आणि साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरला, तर मूळकूज आहे.

खुंटाच्या जातीचाही गोंधळ असतो. कडुलिंबाच्या नावात लिंब आहे एवढंच. त्यावर लिंबाचा डोळा कधीही लागणार नाही. आणि कागदी लिंबाबद्दल एक स्पष्ट मत: त्याच्या बियांतून बहुतेक रोपं आईसारखीच येतात, त्याच्याच साई शरबती या जातीची लागवडही बियांच्या रोपांनी होते. घरच्या एका झाडासाठी तिथे कलमाचा आटापिटा कशाला?

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

जमिनीलगत डिंक वाहतोय, साल खरवडल्यावर आत तपकिरी आणि आंबूस वास: हा फायटोप्थोरा या बुरशीचा डिंक्या. जंबेरी त्याला लवकर बळी पडते. त्या खुंटावर डोळा भरू नका, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. जमिनीतलं मोठं झाड असेल तर कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला दाखवा.

ज्या झाडाची काडी घेता त्याची पानं पिवळी असतील तर नीट पहा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखाच पिवळेपणा असेल तर बहुधा जस्ताची कमतरता. डाव्या-उजव्या बाजूंचे डाग जुळत नसतील, फळं लहान आणि वाकडी असतील, तर ग्रीनिंग या रोगाचा संशय घ्या. तो काडीतून कलमात येतो, सिला तो शेजारच्या बागेत नेतो, आणि त्याला इलाज नाही. डोळ्यांनी खात्री होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणी लागते. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच पिकांसाठी आहे. तिथे किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा, तोवर त्या झाडाची एकही काडी कुणाला देऊ नका. परदेशातल्यांनी नागपूरची काडी बॅगेत नेण्याचा विचारही करू नये. कॅलिफोर्नियात तर शेजाऱ्याच्या झाडाची काडी घेणंही नियमात बसत नाही, नोंदणीकृत रोगमुक्त डोळेच वापरावे लागतात.

एका खुंटावर दोन जागी डोळा मेला तर तिसरा काप देऊ नका, पुढच्या हंगामापर्यंत विश्रांती द्या. दोन हंगाम सगळ्या तपासण्या पाळूनही दहापैकी तीन डोळेही लागत नसतील तर कलम बांधणाऱ्याला एक दिवस घरी बोलवा आणि शेजारी उभं राहून त्याच्या हाताकडे पहा. मोठं झाड छाटून त्याची जात बदलायची असेल तर पहिल्यापासूनच त्याचं काम; तिथे चुकलं तर डोळा नाही, अख्खं झाड जातं.